एकप्रत

मिरज-तासगाव रस्त्यावरच्या त्या इमारतीत पूर्वी बेदाणा ठेवत. भिंती दीड हात जाड, वीज दोन बाजूंनी येणारी, आणि वैशाखातही आत पाऊल टाकलं की स्वेटर आठवावा असा गारवा. स्मृतिआधार संस्थेने २०५२ साली आपल्या साठवणगृहासाठी जागा शोधायला घेतली, तेव्हा तज्ज्ञांनी चार जिल्हे पालथे घातले आणि शेवटी हीच इमारत निवडली. अहवालात कारण 'औष्णिक स्थैर्य' असं दिलं. बेदाण्याचं नाव कुठं घेतलं नाही. वास मात्र गेला नाही. पुढं सांगली जिल्ह्यातल्या हजारो म्हाताऱ्यांच्या आठवणी तिथं फिरायला लागल्या, त्या त्याच मंद गोड वासात.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिथं एक बैठक भरली. टेबलावर भडंगाची परात होती आणि परातीभोवती चार माणसं. संस्थेचे संचालक, मेंदूतज्ज्ञ डॉ. तन्मय वझे. यंत्रसामग्रीचा प्रमुख इरफान सितारमेकर, ज्याच्या घरी सात पिढ्या तंबोरे झाले आणि आठव्या पिढीत हा झाला. मंजुरी द्यायला मुंबईहून आलेले एक उपसचिव. आणि मुख्य संचयरचनाकार सानिका नलवडे, जी भडंगातले फक्त शेंगदाणे वेचून खात होती.

"म्हणजे कानामागं हा पट्टा लावायचा," उपसचिव म्हणाले, "आणि माणसाला जे आठवत नाही ते पट्ट्याला आठवतं."

"आठवतं माणसालाच," डॉ. वझे म्हणाले. "पट्टा हाताशी आणून देतो इतकंच. आधी सहा आठवडे मेंदूतल्या जुन्या आठवणी उतरवून घेतो, असतील तेवढ्या. पुढं रोज जे दिसेल, ऐकू येईल ते. सगळं इथल्या कोशात ठेवतो. माणूस आठवायला गेला की कोशातलं दृश्य परत मेंदूत."

"आणि मेंदूतलं मूळ?"

"ते महिन्याभरात वाळतं. हातात काठी आली की पाय आळशी होतात, तसं."

उपसचिवांनी भडंगाचा बकाणा मध्येच थांबवला. "म्हणजे कोशातलं गेलं तर सगळंच गेलं?"

"म्हणून तर या दोघांना पगार देतो," वझे म्हणाले.

इरफानने खुर्ची पुढं ओढली. अशा वेळी त्याचे डोळे चमकत. "साहेब, प्रत्येक दृश्य तीन गावी ठेवतो. मिरज, अकोला आणि सावंतवाडी. एक गाव बुडालं, एक जळालं, तरी तिसरं आहेच. आता ठेवायचं कशावर? काच हजार वर्षं टिकते, पण तिच्यावर लिहायला फार वेळ लागतो, आणि आपले सभासद तेवढे थांबत नाहीत. चिप चपळ आहे, पण वर्षभर विजेवाचून ठेवली तर विसरते. म्हणजे आपल्या सभासदांसारखीच. मी म्हणतो, फिरती चकतीच घ्या. जुनी आहे, कुरकुरते. पण मरायच्या आधी आवाज करते. आणि एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या घेऊ नका. सख्खी भावंडं असतात ती. एकीला ताप आला की सगळ्या अंथरुणात."

"किती लागतील?"

इरफानने आकडा सांगितला. उपसचिवांनी राहिलेला बकाणा गिळला आणि म्हणाले, "याच्या निम्म्या मिळतील."

इथं सानिकाने शेंगदाणे बाजूला ठेवले.

निम्म्या चकत्या म्हणजे निम्मे सभासद, आणि बाकीचे प्रतीक्षायादीत. त्या यादीत बऱ्याच खाली हेमंत आणि वैशाली नलवडे, राहणार विश्रामबाग, ही दोन नावं होती. सानिकाचे आईबाबा. आईला विसर वगैरे काही नव्हता. २०११ साली गणपतीपुळ्याला जाताना बाबा तिच्या भावाबद्दल काय बोलले होते ते तिला शब्दशः आठवत असे, आणि वेळोवेळी ती ते ऐकवतही असे. बाबांचं मात्र सुटत चाललं होतं. गेल्या महिन्यात दूध आणायला म्हणून निघाले आणि कधीच विकून टाकलेल्या जुन्या घराचं दार वाजवून तिथल्या बाईंना 'वैशाली कुठाय?' विचारून आले. यादीत नंबर लागेपर्यंत त्यांच्याकडे उतरवून घेण्यासारखं काही उरणार नव्हतं. सानिकाने हे बैठकीत बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

"निम्म्यात बसवता येईल," ती म्हणाली. "फाइल सिस्टीम बदलू."

"ही काय भानगड?"

"घर लावायची रीत. कपाटं इरफान आणतो. कुठला डबा कुठं, त्यावर नाव कुणाचं, हे ती ठरवते. आत्ताची रीत स्वतंत्रप्रत. ज्याचा डबा त्याचा. पण नवराबायको पन्नास वर्षं एकत्र राहिली की दोघांच्या डब्यांत निम्म्याहून जास्त माल एकच असतो. तेच लग्न, तीच पोरं, तेच पाहुणे. दोनदा कशाला ठेवायचा? दोन दृश्यं एकाच घटनेची निघाली की एक ठेवायचं. दुसऱ्याच्या डब्यात नुसती खूण, की माल अमक्या ठिकाणी आहे. आठवायला गेलं की त्यालाही तेच मिळतं. एकप्रत पद्धत."

उपसचिवांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "नवराबायकोच्या आठवणी सारख्या? तुमचं लग्न झालंय का मॅडम?"

"नाही."

"तरीच."

डॉ. वझे हसले. इरफान हसला नाही. त्याची काळजी वेगळी होती. एकाच प्रतीवर दोघांचा भार आला तर ती चकती लवकर झिजेल, असं त्याचं म्हणणं. तो भार वाटून देण्याची सोय सानिकाने दाखवली आणि त्याचंही समाधान झालं. घटना एकच आहे हे कशावरून ठरवायचं, याचे नियम तिने तयारच ठेवले होते. स्थळ, काळ, हजर माणसं आणि झालेलं बोलणं जुळलं पाहिजे. उजेड, हवामान, मागचा गोंगाट आणि बघण्याचा कोन यांकडे दुर्लक्ष करायचं. नाहीतर जगात काहीच कशाशी जुळत नाही. दोन प्रतींपैकी कोशात जी आधी आली ती ठेवायची, मागून आलेली पुसायची. हे संगणकशास्त्रात सर्वमान्य होतं आणि रांगेच्या शिस्तीला धरूनही होतं.

चाचणी तिथल्या तिथं झाली. सानिका आणि इरफान यांनी पट्टे लावून त्याच बैठकीचा पुढचा भाग अनुभवला, मग सानिकाची प्रत पुसली आणि इरफानची तिला देऊन पाहिली. तिला काडीचा फरक जाणवला नाही. जाणवणार कसा? बैठकीत सगळे पडद्यावरच्या तक्त्याकडे बघत होते. तक्ता नव्हता तेव्हा भडंगाकडे. एकमेकांकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

मंजुरी मिळाली. "अजून जागा लागली तर," निघता निघता वझे म्हणाले, "ज्यात काहीच घडत नाही अशी दृश्यं पुसता येतील. बोलणं नाही, हालचाल नाही. भिंतीकडे बघत बसलेले तास. निर्घटना म्हणू त्यांना." सगळ्यांना शब्द आवडला. पुढच्या टप्प्यासाठी तो राखून ठेवला.

नोंदणी संक्रांतीला सुरू झाली. संस्थेने गावोगावी हळदीकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून पट्टाच दिला. बायका तिळगूळ घेऊन गेल्या आणि पट्टा लावून आल्या. पुरुषांसाठीही शिबिरं होती, पण ती ओस पडली. जिल्ह्यातल्या यच्चयावत नवऱ्यांनी, कुणी कुणाला न विचारता, एकच धोरण स्वीकारलं. आधी हिला करू दे, काय होतंय बघू. हेमंत नलवडे निवृत्त अभियंता असल्यामुळे त्यांनी ते शास्त्रीय भाषेत मांडलं. "नवीन पुलावरून आधी रिकामा ट्रक सोडतात," ते म्हणाले.

"रिकामा कोण?" आईने विचारलं.

बायकांना काही झालं नाही, हे पाहून नवरे चैत्रात आले.

आषाढापर्यंत जिल्ह्यात एक अजब शांतता पसरली. सत्तरीच्या पुढच्या जोडप्यांची भांडणं थांबली. 'मी असं म्हणालोच नव्हतो' हे वाक्य ऐकू येईनासं झालं. म्हातारे नवरे आपणहून कबूल करू लागले, की चूक माझीच होती, मला आता स्पष्ट दिसतंय. डॉ. वझ्यांनी यावर म्हैसूरला निबंध वाचला. विश्रामबागेत बाबा एका सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "गणपतीपुळ्याला जाताना मी फार वाईट बोललो गं तुझ्या भावाबद्दल. तोंड बघवत नाही माझं." आईने लगेच सानिकाला फोन केला. "ह्यांना बरं नाहीये का? येऊन जा."

सानिका गेली. बाबांची प्रकृती उत्तम होती. दूध बरोबर घरी येत होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली. "आठवायला बसलं की मीच मला दिसतो. बाहेरून."

तिने वझ्यांना विचारलं. "पुस्तकात आहे ते," वझे म्हणाले. "जुन्या आठवणीत माणूस पुष्कळदा स्वतःला बाहेरून बघतो. सगळ्यांचंच होतं." हे खरं होतं. सगळ्यांचंच होतं म्हटल्यावर तिने पुढं विचारलं नाही.

श्रावणात आई गेली. दुपारचं जेवण झालं, जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. ही कधी दुपारची पडत नाही, आज पडली आहे तर पडू दे, असं म्हणून त्यांनी चार वाजेपर्यंत हाक मारली नाही.

नियमाप्रमाणे तेराव्यानंतर आईचं खातं बंद झालं. फक्त तिच्या एकटीचं होतं ते पुसलं गेलं. दोघांचं सामाईक होतं ते राहिलं, कारण बाबांची खूण त्यावर होती. एकप्रत पद्धत या बाबतीत चोख होती.

दसरा झाल्यावर एका रविवारी सानिका विश्रामबागेत आली तेव्हा बाबा गॅलरीत घेवडा निवडत होते. दोऱ्या आई काढायची तशाच बारीक निघत होत्या. कधी शिकले कोण जाणे.

"आपल्या लग्नातलं आठवत होतो," ते म्हणाले. आपल्या म्हणजे त्यांच्या आणि आईच्या. "मंगलाष्टकं झाली. सावधान झालं. भटजींनी अंतरपाट काढला."

"मग?"

"समोर मीच उभा."

सानिकाने घेवड्याची शेंग हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"मुंडावळ्या बांधलेला. घामाघूम. आणि गाढव फोटोग्राफरकडे बघतोय." त्यांनी दोरी ओढली. "तिच्याकडे बघायचं सोडून. सगळं आठवतं बघ. हार घालताना पाटावर चवडे उचलून उंच झालो होतो, तेसुद्धा. सासऱ्यांचा फेटा आठवतो. ती कशी दिसत होती ते नाही आठवत."

"फोटो आहेत ना, बाबा."

"आहेत की. ओळखतो मी फोटो. बँकेतला माणूस रस्त्यात भेटला तर ओळखतो, तसा." त्यांनी पुढची शेंग घेतली. "ती होती तोवर कळलंच नाही. समोरच असायची. आठवायची गरज काय?"

पुढच्या तासाभरात सानिका साठवणगृहात होती. इरफान रविवारीही तिथंच असे. चकत्यांच्या रांगांतून कान देत फिरे. तिने त्याला सांगितलं. त्याला समजायला एक वाक्य पुरलं.

"बघण्याचा कोन," तो म्हणाला.

"माझाच नियम."

"आधी आलेली प्रत ठेवायची. आणि आधी आल्या सगळ्या बायका." तो खुर्चीत बसला. "म्हणजे आख्ख्या जिल्ह्यातले नवरे बायकोच्या डोळ्यांनी आठवतायत. आणि बायकोच्या डोळ्यांना बायको दिसत नाही. पुसलेल्या प्रतींचं मला विचारू नका मॅडम. आपल्याकडं मोकळी झालेली जागा तासभर मोकळी राहत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसे पुढचे सभासद टपलेले असतात. त्या प्रतींवर आजवर चार जणांचं लिहून झालं असेल."

सानिकाला आधी आरसा आठवला. आईने स्वतःला आरशात तर पाहिलं असेल, बाबा खोलीत असताना. तिने तशी दृश्यं शोधली. होती. पण माणसाचं लक्ष जिथं असतं तेवढंच आठवणीत ठळक येतं. गॅसवर भाजी ठेवून आरशासमोर आलेल्या बाईने टिकलीची जागा पाहिली होती, भांग सरळ आहे का ते पाहिलं होतं. भोवतीचा चेहरा धुरकट होता. तो बघायला तिला सवड नव्हती. मग सेल्फी. त्या पिढीने हजारोंनी काढले होते. पण सेल्फी काढताना आई पडद्यावर बाबांचे डोळे मिटलेत का ते बघत असे.

दुसऱ्या कुणाची आई असती तर पुष्कळ वाचलं असतं. बायको विसरली आणि नवऱ्याला आठवलं, असं काहीतरी. तिच्या प्रतीत नाही म्हणजे त्याची पुसली जात नाही. पण वैशाली नलवडे काहीही विसरत नसत.

"बाकीच्या विधुरांचं काय?" तिने विचारलं. "तक्रारी आल्या असतील."

इरफानने यादी काढली. तीनच जणांनी विचारणा केली होती. इतरांना अजून काही कमी आहे असं वाटलेलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा घेवडा निवडून झाला होता आणि बाबा आरामखुर्चीत बसले होते. ती समोर मोड्यावर बसली. काय झालं ते तिने सांगितलं. डबे, खूण, संक्रांत, बघण्याचा कोन, सगळं. ते अभियंता होते, त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते.

"नियम तू केलास?"

"हो."

"आम्हाला आत घ्यायचं म्हणून."

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनी खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवला. "मग मला एक सांग. तुझी आई एवढी झोपाळू होती का गं?"

"आई? आई पाचला उठायची."

"मला तेच वाटतं. पण जेव्हा जेव्हा तिचा चेहरा आठवतो तेव्हा ती झोपलेलीच असते."

सानिकाने मोडा पुढं ओढला.

"कधी गल्लीच्या टोकाला पाठमोरी दिसते एकदोनदा. पण चेहरा म्हणशील तर झोपलेलाच. कोयनेच्या क्वार्टरमध्ये. तू तापली होतीस तेव्हा तुझ्या पायाशी, बसल्या बसल्या. रत्नागिरीच्या गाडीत, तोंड उघडं टाकून. अगदी लख्ख. नाकावरचा तीळसुद्धा." ते किंचित हसले. "इतक्या वेळा मी काय बघत बसायचो कुणास ठाऊक. सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर म्हणाली असती, उठवायचं की मग, भाजी राहिली चिरायची."

उठवलं असतं तर तेही कोशात जुळलं असतं, हे सानिकाच्या मनात आलं. झोपलेल्या बाईची प्रत नसते. जुळायला समोर काही नव्हतं म्हणून ते वाचलं.

"शेवटची दुपारपण आहे," बाबा म्हणाले. "चार वाजेपर्यंतची." आणि त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. बोलणं नाही. हालचाल नाही. ज्यात काहीच घडत नाही.

तिने इरफानला फोन लावला. "निर्घटनांची सफाई कधी आहे?"

"उद्या सकाळी. वझेसाहेबांनी सही करून ठेवलीय. नवीन शिबिराला जागा नको का?"

"थांबव."

"थांबवतो की. पण मग जागा?"

"चकत्या माग."

"मागतो. मुंबईचे साहेब विचारतील, कशासाठी. भिंतीकडं बघत बसलेले तास ठेवायला चकत्या मागायच्या म्हटल्यावर कारण काहीतरी द्यायला लागेल." पलीकडून चकत्यांची कुरकुर ऐकू येत होती. "मॅडम? कारण काय लिहू?"

बाबांना आरामखुर्चीत झोप लागली होती. मान एका बाजूला कलली होती, चष्मा नाकावरून घसरला होता आणि बोटांना घेवड्याचा हिरवा डाग होता. चष्मा काढून ठेवावा म्हणून सानिकाने हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"मॅडम?"

तिने फोन कानाला तसाच धरला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पुढं बराच वेळ काहीच घडलं नाही.